मडक्यावरची रोटी

अल्लीपुरात कुणाकडे लग्न निघालं की मडक्यावरच्या लांब रोट्यांसाठी पंचफुलाबाईंनाच बोलावणं यायचं. सैल कणीक तळव्यापासून कोपरापर्यंत ताणायची आणि ओढणीसारखी पातळ झाली की चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायची. एखाद्याच्या ताटात गार रोटी पडली, तर वाढणाऱ्याला त्या पंगतीतच झापायच्या.

मग छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या आणि वर्षभरानं उजवा हात सुजायला लागला. दवाखान्यातल्या बाईनं हातावर घालायला घट्ट बाही दिली, व्यायाम शिकवले आणि बजावलं, "या हाताला चटका बसता कामा नये. चूल विसरा." पंचफुलाबाईंनी सगळं पाळलं. पण कुठं धूर दिसला की तोच जड हात शिवशिवायचा.

पुतणीच्या लग्नात त्या चुलीपासून लांब बसल्या होत्या, बाही घातलेला हात उशीवर ठेवून. चुलीपाशी सून मेघा होती. तिच्या पहिल्या दोन्ही रोट्या फाटल्या.

"घाई काऊन करून राह्यली वं? हात फिरव नुसता, रोटी आपोआप लांबते!" पंचफुलाबाई तिथूनच ओरडल्या. ओरडता ओरडता त्यांचा हात उशीवरून उठला आणि हवेतच कणीक ताणू लागला.

तिसरी रोटी अखंड उतरली. मेघा ती घेऊन धावतच आली. "आई, घ्या, गरम गरम!"

पंचफुलाबाईंनी सवयीनं उजवा तळवा पुढं केला. वाफ लागताच मागं घेतला.

"ठेव तिथं," त्या म्हणाल्या. "थंडी होऊ दे."