सुई आणि पुडी

सोमवारी संध्याकाळी वैद्य गोरेगावला येणार होता. त्याच्या आत सुलक्षणाला हो किंवा नाही सांगायचं होतं.

प्रश्न तिच्या मुलीचा, चौथीतल्या अक्षताचा होता. गेल्या वर्षी पोरगी अचानक वाळायला लागली, सारखं पाणी मागायला लागली आणि एका सकाळी तिच्या श्वासाला नासक्या फळासारखा वास आला. हॉस्पिटलात कळलं ते असं: शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून उलटली होती. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिने मारून टाकल्या होत्या. आता इन्सुलिन बाहेरून द्यायचं, रोज, कायमचं.

सुलक्षणा मालाडच्या बाजारात एका दुकानात साड्यांना फॉल लावते. लेकीच्या दंडात सुई टोचणं सुरुवातीला तिला फार जड गेलं होतं. मग तेही अंगवळणी पडलं. साखर आटोक्यात आली, अक्षता पुन्हा शाळेत धावायला लागली.

श्रावण लागला आणि काहीतरी बिनसलं. सुई तीच, बाटली तीच, पण साखर उतरेना. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर साखर मोजणारं मशीन कधी साडेतीनशे दाखवी, कधी चारशे. डॉक्टरांनी फोनवर डोस वाढवून दिला.

"औषध नीट फ्रिजमध्ये ठेवता ना?" त्यांनी विचारलं होतं.

"हो, दारातच असतं," सुलक्षणाने लगेच सांगितलं.

तिच्या नवऱ्याने, निलेशने, त्याच आठवड्यात वैद्याचं नाव काढलं. तो एका कंपनीची बस आरे कॉलनीतून ने-आण करतो. त्याच्यासोबतच्या ड्रायव्हरच्या बाबांना या वैद्याच्या पुडीने गुण आला होता. पुडीची अट एकच: महिनाभर सुई पूर्ण बंद.

"त्यांची साखर एकदम नॉर्मल आली, सुलू."

"ते सत्तरीचे आहेत. त्यांचा डायबेटिस वेगळा, गोळ्यांचा. हिच्या अंगात इन्सुलिन बनतच नाही रे."

"आणि तू टोचतेस ते तरी कुठे जातंय? चारशे वीस होती काल. मी काय डोळे मिटून बसलोय?"

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की सुई थांबली तर मूल काही दिवसांत जीवावरच्या दुखण्यात जातं. तो वास ती विसरली नव्हती. पण टोचूनही साखर चारशे असेल, तर ही सुई नक्की काय करत होती? दुकानात तिने एका साडीला फॉल उलटा लावला, उसवला, पुन्हा उलटाच लावला. शेठ म्हणाला, "बाई, घरी जा."

अक्षताचं मत तयार होतं. "पुडी कडू असली तर मी नाय घेणार," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "पण सुई बंद होणार असेल तर घेईन."

महिनाभर नाही, सुलक्षणा मनाशी घासाघीस करायला लागली. आठवडा. नको, आठवडाही नको. रविवारी चहा ओतता ओतता ती निलेशला म्हणाली, "उद्या जाऊ. पण दोनच दिवस बंद ठेवायची. साखर चढली की परत सुरू."

निलेशने मान डोलावली. तिला वाटलं होतं, ठरवलं की काळजी कमी होईल. ती वाढलीच.

सोमवारी तिने दुकानात दांडी मारली. सासू शकुंतला, गल्लीतल्या सगळ्यांची शकुताई, श्रावणी सोमवारची शंकराच्या देवळात गेली होती आणि रांगेत अडकली होती. रोज पहाटे आंघोळ झाली की बाटली आणि कापूस ओट्यावर काढून ठेवायचं आणि रात्रीच्या सुईनंतर बाटली परत आत ठेवायचं काम सासूने आपणहून अंगावर घेतलं होतं. आज ओटा रिकामा होता. सुलक्षणाने फ्रिजचं दार उघडलं. दाराच्या कप्प्यात बाटली नव्हती.

तेवढ्यात सासू घाईघाईने आत आली. बेलाची पानं ठेवून तिने फ्रीझर उघडला, बाटली काढली आणि दोन्ही तळहातांत मिटून घेतली.

"आई, हे काय?"

"बर्फ झालो हा. जरा थांब, इतळात आता."

सुलक्षणाने तिच्या हातातून बाटली घेतली. आत पांढरा गोळा होता.

"कधीपासून ठेवताय फ्रीझरमध्ये?"

"श्रावण लागल्यापासून." सासूला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. वर्षभर तिथे बांगडे आणि कोळंबी असायची. श्रावणासाठी मासळी घराबाहेर गेली, तिने फ्रीझर साबणाने धुतला, पुसला, आणि घरातली सगळ्यात स्वच्छ जागा नातीच्या औषधाला दिली. "थंड ठेवा म्हणान डॉक्टरांनीच सांगितलानी मा? ह्याच्यापेक्षा थंड खंय आसा?"

इन्सुलिन गोठलं की त्याची घडण मोडते. वितळल्यावर ते पुन्हा पाण्यासारखं दिसतं, पण त्याचा बराचसा असर गेलेला असतो. इतके दिवस पोरीला बरंचसं पाणीच टोचलं जात होतं; वाढवलेल्या डोसमधला उरलासुरला असर तिला तगवून होता.

सुलक्षणा ओरडली नाही. तिने आधी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, होत्या त्या सगळ्या बाटल्या फेका, नवीन आणा, इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारं आम्ल, म्हणजे कीटोन, लघवीत उतरलंय का ते पट्टीने तपासा. उलटी झाली किंवा श्वास जोरात चालला, तर थेट हॉस्पिटल. मग तिने निलेशला फोन केला.

"मेडिकलमधून बाटली घेऊन ये. आत्ताच."

"बर्फात घालून आणू?"

"बर्फाला टेकवायची नाही, निलेश. सगळी वाट बर्फानेच लागलीय."

फोन ठेवल्यावर सासूने विचारलं, "माझा काय चुकला?" सुलक्षणाने सांगितलं. न सांगता चाललं असतं, पण मग हेच पुन्हा झालं असतं. सासू खालीच बसली.

"माका कोणी सांगूकच नाय," ती म्हणाली. "माझ्या हातान चेडवाक, माझ्या नातीक..."

"नाही सांगितलं. मीच नाही सांगितलं, आई."

तिने शाळेतल्या बाईंना सांगितलं होतं, नवऱ्याला सांगितलं होतं. दिवसभर फ्रिज जिच्या हातात, तिलाच सांगायचं राहिलं होतं.

नवीन बाटलीचा डोस दिल्यावर संध्याकाळपर्यंत साखर दोनशे साठवर आली. सकाळी पट्टीवर दिसलेले कीटोनही कमी झाले. निलेश कपडेही न बदलता बसून होता.

"मग आता दोन्ही देऊ या? सुईही, पुडीही."

"पुडीत काय आहे ते तो सांगतो का? साखर एकदम खाली गेली तर कुणामुळे गेली, कसं कळणार? सुई चालू राहणार. हे त्याला तूच सांग."

निलेशने वैद्याच्या माणसाला फोन लावला. "मुलीची सुई आम्ही बंद नाही करणार," तो म्हणाला. पलीकडून बराच वेळ काही बोलणं झालं. "मग राहू दे तुमचं औषध," म्हणून त्याने फोन ठेवला आणि शर्टाची बटणं काढायला लागला.

सुलक्षणाचा हात पुन्हा मशीनकडे गेला.

"आई, आत्ताच बघितलंस ना," अक्षताने बोटं मुठीत लपवली. "दुखतं. डॉक्टर म्हणाले दोन तासांनी."

"हो गं."

ती लेकीशेजारी बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. दोन तास व्हायला अजून वेळ होता.