गावाकडून आलेली ज्वारी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याचं माप, भाजीवालीची ‘आजचीच’ मेथी, गृहपाठाच्या दिवशी मुलांच्या पोटात उठणारी कळ, यांतल्या कशावरच माझा चटकन विश्वास बसत नाही. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायचीस, वाट चुकून शाळेत आलीस. तळवड्याजवळच्या एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. ‘आपलं जेवण कुठून येतं’ हा उपक्रम घ्यायचं ठरलं, तेव्हा मुलांना धान्यापेक्षा हा स्वभावच शिकवावा असं माझ्या मनात आलं.

वहीत तीन रकाने आखायला लावले. पहिल्यात डब्यातला पदार्थ, दुसऱ्यात त्यातली एखादी वस्तू कुठून आली ते, आणि तिसऱ्यात फक्त एक प्रश्न: कशावरून? पुरावा म्हणून पिशवी, वेष्टन, जे असेल ते घेऊन यायचं; शेवटी या सगळ्याचं शाळेत प्रदर्शन भरणार होतं. मोठ्या सोसायट्यांमधल्या मुलांनी लिहिलं, ‘ॲपवरून. कशावरून? माणूस दारात आला होता.’ कंपन्यांमध्ये कामाला आलेल्या, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या घरांतल्या मुलांचं उत्तर मात्र एकच होतं. गावाकडून. डाळ गावाकडून, शेंगदाणे गावाकडून, तिखट गावाकडून. एकाने चहाची पत्तीसुद्धा गावाकडून आणली होती आणि त्याचं गाव बार्शीजवळ होतं.

मला हे ‘गावाकडून’ पहिल्यापासून खटकत होतं. सगळ्यांच्या घरी सगळं गावाहून येत असेल, तर आमच्या दिघीतला किराणावाला दर दोन वर्षांनी नवी गाडी कशी घेतो?

शेवटून दुसऱ्या बाकावर परभणीकडची एक मुलगी बसायची. कमी बोलणारी, अक्षर सुरेख. तिने घडी घातलेली पांढरी प्लास्टिकची गोणी आणली होती. वहीत लिहिलं होतं: ‘भाकरी. ज्वारी गावाकडून, काकांनी पाठवली. कशावरून? गोणी हाताने शिवलेली आहे.’ आख्ख्या वर्गात इतका चांगला पुरावा दुसऱ्या कोणी दिला नव्हता. दुकानातल्या गोणीचं तोंड मशीनने शिवतात, बारीक आणि सरळ. घरची गोणी दाभणाने, सुतळीने शिवतात, लांब लांब आणि वाकड्या टाक्यांनी. हिच्या गोणीला खरोखर सुतळी लोंबत होती.

दुसऱ्या कुठल्याही शिक्षिकेने तिला शाबासकी दिली असती. मी गोणी खिडकीशी नेली. सुतळीच्या मोठ्या भोकांखाली बारीक भोकांची एक सरळ रांग दिसली आणि एका भोकात निळ्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला होता. मी गोणी उलटी केली. आतल्या बाजूला हिरवा पोपट छापलेला होता. हाच पोपट माझ्या स्वयंपाकघरातल्या, दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या गोणीवर आहे.

म्हणजे कोणीतरी मशीनची शिवण उसवली, ज्वारी काढली, गोणी उलटी केली, पुन्हा भरली आणि दाभणाने शिवली. एवढा खटाटोप कोण कशाला करेल? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी मुलीला हळूच विचारलं, ‘ही नक्की गावाहून आली?’

‘हो मॅडम. बाबा ट्रॅव्हल्सवरून घेऊन येतात.’

तिचा चेहरा इतका स्वच्छ होता की माझा संशय आणखी वाढला. गोणी कपाटात ठेवली आणि तिला सांगितलं, उद्या आईला घेऊन ये.

आई दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना आली. तळवड्यातच एका कारखान्यात ती पॅकिंगला होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. मी गोणी टेबलावर ठेवली, पोपट वर करून. ती खुर्चीत बसलीच नाही.

‘मॅडम, लेकीला ठावं न्हाई ह्यातलं,’ ती म्हणाली. ‘तिच्यावर रागवू नका.’

मग तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तिच्या सासऱ्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. डावा पाय ओढत चालू लागले. गावात एकटं ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून नवऱ्याने इकडे आणलं. म्हातारा राहायला तयार नव्हता. शेवटी एका अटीवर कबूल झाला: भाकरी आपल्या रानातल्या ज्वारीची पाहिजे. रानातून ज्वारी येतेय तोवर तिथलं सगळं नीट चाललंय असं समजेन, बंद झाली की मी निघालो. पहिलं वर्षभर धाकट्या दिराने ज्वारी पाठवलीही. मग त्याने सगळ्या रानात ऊस लावला, गावातल्या घराला कुलूप घातलं आणि बायकामुलांना घेऊन तालुक्याला राहायला गेला.

‘आपलेच दात अन् आपलेच ओठ,’ ती म्हणाली. ‘कुनाला बोलायचं? पर आबांना हे कळलं, तर ते त्या बंद घरात एकटे जाऊन ऱ्हातील. पुन्ना झटका आला तर पानी द्यायला मानूस न्हाई तिथं.’

म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी ती दुकानातली गोणी आणायची, सासरे दुपारी झोपले की उलटी करून शिवायची. नवरा ती चाकणच्या पहिल्या शिफ्टला जाताना घेऊन जायचा, मित्राकडे ठेवायचा आणि परतताना, गावाकडच्या ट्रॅव्हल्स थांबतात त्या नाशिक फाट्यावरून, रिक्षा करून घरी आणायचा. सासरे गॅलरीत उभे असायचे ना! रिक्षातून गोणी उतरलेली दिसली पाहिजे.

हे ऐकूनही माझं मन निवळलं नाही. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, त्यातली गत. मी विचारलं, ‘जमीन विकून टाकली आणि ते लपवताय, असं तर नाही?’

‘इकली असती तर निदान कायतरी हातात आलं असतं, मॅडम,’ ती एवढंच म्हणाली. आपण काय बोलून बसलो, याची मला लाज वाटली. तिला निरोप देताना मी शब्द दिला की ही गोणी प्रदर्शनात ठेवणार नाही.

गोणी मी ठेवली नाही. पण फेब्रुवारीत प्रदर्शनाच्या दिवशी तिचे सासरे स्वतःच दुसरी गोणी काखेत मारून आले. बाईंनी ज्वारीची चौकशी केली, एवढं नातीने घरी सांगितलं होतं आणि त्यांना तेवढं पुरलं होतं. पांढरं धोतर, टोपी, एका हाताने नातीचा खांदा धरलेला. मागून सून, चेहरा उतरलेला.

म्हातारबा टेबलामागे बसले आणि पाच मिनिटांत त्यांनी माझा वर्ग ताब्यात घेतला. ज्वारी किती खोल पेरायची, पाखरं कशी हाकायची, कणीस भरलंय हे नुसत्या हाताला कसं कळतं. मुलं टेबलावर चढायची बाकी होती. तेवढ्यात माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी पुढे आली. चष्मा सावरत तिने गोणीवर बोट ठेवलं. ‘आजोबा, मोठ्या भोकांखाली ही बारीक भोकं कसली?’

ती माझीच तयारी होती. कोणाला बोलणार? आजोबांनी अंगठा त्या भोकांवरून फिरवला, एकदा आणि पुन्हा एकदा. दाराशी सुनेने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं.

मी म्हणाले, ‘गावाकडे खताच्या, बियाण्याच्या गोण्या धुऊन पुन्हा वापरतात. ती जुनी शिवण आहे.’

‘कशावरून, मॅडम?’

‘मला माहीत आहे म्हणून.’

इतक्या वर्षांत वर्गात मी इतकं उघड खोटं बोलले नव्हते. तिने वहीत लिहून घेतलं, पण तिचा विश्वास बसला नव्हता. म्हातारबा मात्र मान हलवत म्हणाले, ‘बाई म्हनत्यात ते बरुबर हाय.’ आणि लगेच मुलांकडे वळले. ‘नुसती गोनी काय बगता, लेकरांनो? आमच्या रानातली कनसं आनून दावतो तुमाला.’

नको म्हणायला हवं होतं. पण खोटं एकदा उभं केलं की त्याला टेकू द्यावा लागतो. मी हसून म्हणाले, ‘जरूर आणा, आजोबा!’

सोमवारी सकाळी शाळेत सुनेचा फोन आला. ‘मॅडम, आबा गेले गावाकडं. नवऱ्याला शिफ्टला पाठवून म्या खाली पान्याला गेले, तेवढ्यात निघाले. कनसं आनतो म्हनून शेजारनीला सांगून गेलेत.’ ती रडत नव्हती. हा म्हातारा ऊस बघणार, कुलूप बघणार आणि तिथेच राहणार. हे तिच्या नशिबी मी आणलं होतं. भोकं मी शोधली, आईला मी बोलावलं, आणि वर ‘जरूर आणा’ही मीच म्हणाले.

संध्याकाळी तिने कळवलं, तिच्या दिराचा तालुक्याहून फोन आला होता. आबा येऊन बांधावर बसले होते. घरी चला म्हटलं तर उठून गेले, कुठे ते माहीत नाही. दोन दिवस मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. मुलीची जागा रिकामी होती. तिच्या बाबांना सुट्टी मिळाली की ते शोधायला निघणार होते.

गुरुवारी तिसऱ्या तासाला दारात पावलं वाजली, एक नीट पडणारं आणि एक ओढत येणारं. म्हातारबा आणि नात. धोतर मळलेलं, दाढी वाढलेली, काखेत कापडात बांधलेली ज्वारीची पाच-सहा टपोरी कणसं. मुलांनी नुसता गिल्ला केला. म्हातारबांनी कणसं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘आमच्याच रानातली हायती.’

त्या रानात ऊस होता, हे मला माहीत होतं. कोणाच्या तरी बांधावर उभं राहून त्यांनी ती मागून आणली होती. मी नातीकडे पाहिलं, ती खाली बघत होती.

चष्मेवाली उभी राहिलीच. ‘आजोबा, तुमच्याच रानातली कशावरून?’

मी तिला गप्प करणार होते, पण म्हातारबांनी हात वर केला. ‘इचारू द्या, बाई.’ मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘हिच्या मायला इचारा. आमच्या घरातली ज्वारी कुटून येती, ते तिला समदं ठावं हाय.’

मुलांना ते उत्तर वाटलं नाही. मी त्यांना कणसं हातात घ्यायला सांगितलं आणि म्हातारबांना पोचवायला दारापर्यंत गेले. परत गावाला जाणार का, हे विचारायचा मला धीर होत नव्हता. तेच थांबले.

‘दुकानदार सुनंला फशिवतोय, बाई. जुनी ज्वारी देतो. मागल्या टायमाला त्यात सोंडकिडे निघाले. आता फुडल्या खेपंला म्या जातो संगं, दाना चावून घेतो,’ ते म्हणाले. दोन पावलं गेले आणि पुन्हा वळले. ‘अन् तिला तुमी सांगा, माझ्या तोंडून येत न्हाई. म्हनावं, आता शिवू नको. दाभनानं बोटं फुटल्यात तिची.’

हे त्यांना रान बघून कळलं, की तिची बोटं बघून आधीच कळलं होतं, ते मी विचारलं नाही.