कोणी पाहत आहे का?

वाया जाणारी गोष्ट मला बघवत नाही. सन दोन हजारनंतर पुण्यातल्या एका कंपनीत मला कामही तसंच मिळालं. टेलिफोनच्या तारेतून, कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून टीव्ही पाठवायचा आणि लाइन तुंबू द्यायची नाही. प्रत्येक घराला कार्यक्रमाची वेगळी नक्कल पाठवायची गरज नव्हती. एकच निघायची, वाट जिथे फुटेल तिथेच तिच्या दोन व्हायच्या आणि ज्या घरात कोणी पाहत नाही तिकडची बंद. रिकाम्या वाफ्यात पाणी सोडायचं नाही, हे अवसरीच्या शेतात वाढलेल्या मुलीला कोणी शिकवावं लागत नाही.

पण घरात कोणी पाहतंय की नाही, हे ओळखायचं कसं? दोन तास रिमोटला हात लागला नाही, तर पडद्यावर विचारायचं, असा तोडगा मी काढला. ‘कोणी पाहत आहे का? कोणतेही बटण दाबा.’ मिनिटभरात कोणी दाबलं नाही, तर घर रिकामं. ती ओळ मी स्वतः मराठीत लिहिली होती आणि मला तिचा भारी अभिमान होता.

टीव्हीला जोडायची चाचणीची एक पेटी मी गावी आईकडे बसवली. वडील गेल्यापासून ती एकटीच राहायची. ऑफिसातल्या तक्त्यात आमचं घर रोज दुपारी टीव्ही लागल्यावर दोन तासांनी रिकामं दिसे. रानात जात असेल, म्हटलं, आणि ते बचतीच्या रकान्यात टाकून मोकळी झाले.

पुढे सुट्टी काढून घरी गेले. आई टीव्हीसमोर शेंगा फोडत, मालिकेतल्या सासूला झापत बसली होती. मी आत चहा टाकत होते. तेवढ्यात ती मोठ्याने म्हणाली, “हाय की! बघतीय मी.”

चहा गाळून बाहेर आले तर पडदा काळा. रिमोट मी दिला तसा पिशवीतच होता. भिंतीवरचं बटण लावलं की टीव्ही लागतो, एवढंच तिला माहीत.

“रोज इचारतंय,” आई म्हणाली. “मी हाय म्हनते, तरी बंद व्हतं. मंग बसते तशीच.”

“मला फोन का नाय केलास?”

“तू कामात असती. म्हनलं, न्हाई ऐकू जात त्याला.”

मला स्वतःची लाज वाटली. कितीतरी महिने ती उत्तर देत होती आणि मी तिला बचतीत धरत होते. पिशवीतून रिमोट काढून मी तिच्या हातात दिला, बटण दाखवलं.

“ह्ये दाबलं की त्याला कळंल, मी हाय म्हनून?”

“कळंल.”

“आन् तुला?”