बिडीबंदी आणि ओसरीतला कापूस

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. मी ओसरीत कापसाचा ढीग सारखा करत होते. आतली खोली भरली होती, म्हणून उरलेला कापूस ओसरीत टाकला होता. त्यात वाळक्या पानांची पत्ती फार होती. ती निवडल्याशिवाय गाडी सौंसरच्या कापूस बाजारात न्यायची नव्हती.

आदल्या दिवशीच आमच्या पारावर ‘धूम्रपान निषेध’ची पाटी लागली होती, आणि ती लावायला मीच भाग पाडलं होतं. मी पंचायतीत पंच आहे. सरपंच बाई आहेत, पण खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात; सही बाईंची, आवाज यजमानांचा. सार्वजनिक जागी बिडी बंद करायचा हुकूम भोपाळहून कधीचाच आलेला. पाटीसुद्धा आली होती, ती पंचायतीच्या खोलीत सतरंजीखाली झोपली होती. पार अंगणवाडीच्या दाराला लागून आहे. म्हातारे बाहेर बिड्या ओढत आणि धूर आत पोरांच्या खिचडीवर जाई. मी दर बैठकीत हाच विषय काढायची.

“बाई, बुढ्यांची मतं काय तुम्ही देसान?” यजमान म्हणायचे.

“भाऊ, पोरांच्या आया बुढ्यांपेक्षा जास्त आहेत गावात,” मी एकदा म्हटलं. हे गणित त्यांना लगेच समजलं.

पाटी लावायला तालुक्याहून साहेब आले. आमच्याकडे बैठक म्हटली की ताट फिरतं: सुपारी, तंबाखू, बिडीचा कट्टा, माचिस. त्याशिवाय पाहुण्याचा मान होत नाही. साहेब पोरांच्या फुप्फुसांबद्दल बोलत होते आणि यजमानांनी सवयीनं भरलेलं ताट थेट त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी भाषण न थांबवता सुपारी उचलली.

मागून माझे सासरे, मामाजी, म्हणाले, “बिडी बी घ्या ना साहेब. पाटी अजून ठोकली कुठं?”

सगळा पार हसला. सरपंच बाईसुद्धा पदरात हसल्या. मग पाटी ठोकली.

माझा अंदाज होता, म्हातारे बिडी सोडून पारावर बसतील. त्यांनी पार सोडला. गुरुवारी दुपारी मामाजी आपले सगळे मित्र घेऊन आमच्याच ओसरीत हजर.

“काय करून राहिली सूनबाई?”

“कापूस सारखा करून राहिली, मामाजी. तुम्ही इकडं कसे?”

“सरकारनं हाकललं. घर काही सार्वजनिक जागा नाही म्हणते.”

“पंचबाईनंच कायदा वाचून दाखवला न काल,” त्यांचा सर्वांत जुना मित्र म्हणाला आणि माचिस काढली.

मी ती त्याच्या हातातून घेतली. “कापसाला कायदा वाचता येत नाही, काका. एक ठिणगी पडली तर सालभराचं पीक जाईन.”

मामाजींनी हातातली बिडी परत कट्ट्यात खोचली. कापसात हात असताना बिडी पेटवायची नाही, हे मी या घरात आले तेव्हा त्यांनीच मला सांगितलं होतं. शेतमजुरापासून मालकापर्यंत इथं सगळे ते पाळतात, आणि त्यासाठी भोपाळला कधी पाटी पाठवावी लागली नाही.

“मंग आम्ही बसावं कुठं?” ते म्हणाले. “पारावर रिकामं बसलो का हात खिशात जाते. घरी बसलो त बोलाले कोणी नाही.”

“सून पंच झाली न सासरा बेघर!” मित्रानं टोमणा मारला.

त्यांनी दुसऱ्याच्या माचिसवर फाटकाबाहेर उभ्यानं बिड्या ओढल्या आणि गुडघे दुखले तसे पांगले. मामाजी रात्री अर्ध्या भाकरीवर उठले, तोंडातून शब्द नाही. बिडी पिणारा सासरा सांभाळता येतो. न बोलणारा सांभाळणं मला जमत नाही. शिवाय पत्ती निवडायला मजूर मिळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्तीचा कापूस दोन गाठोड्यांत बांधून पारावर नेला, पाटीखाली ताडपत्री अंथरून त्यावर ओतला आणि मामाजींना म्हटलं, “बोलवा तुमच्या मित्रांना. हात कापसात, तोंड मोकळं.” काकांची माचिस मी अंगणवाडीत खिचडीच्या चुलीसाठी देऊन टाकली.