मार्थाताईचा रविवार

मार्थाताई साळवेच्या तोंडावर मी पहिल्याच दिवशी पाणी मारलं. तेही साधं नव्हे, ब्रश धुतलेलं.

घाटकोपरला साड्यांची डिझाइनं काढणाऱ्या एका स्टुडिओत मी नुकतीच लागले होते. शेठनी मला मार्थाताईच्या शेजारचं टेबल दिलं. तिने कोरा कागद ताणून बसवला, ब्रश भिजवला आणि एकदम डोळे मिटून मान खाली घातली. ओठ तेवढे हलत होते. एक मिनिट झालं, दोन झाली. माझं प्रथमोपचाराचं ज्ञान शाळेतल्या एका तासाचं, पण आत्मविश्वास सिव्हिल सर्जनचा. "अहो, बाईंना चक्कर आली!" असं किंचाळून मी समोरचा मग तिच्या तोंडावर रिकामा केला.

मार्थाताईने आधी "आमेन" म्हटलं, मग डोळे उघडले. हनुवटीवरून किरमिजी थेंब त्या कोऱ्या कागदावर पडत होते.

"पोरी," ती म्हणाली, "माझा बाप्तिस्मा लहानपणीच झालाय. तो एकदाच घेतात."

मागच्या टेबलावरची कुंदा टेबल बडवून हसत होती. कुंदा भांडुपची, मूळची मालवणकडची. आम्ही काढलेल्या डिझाइनातला एकेक रंग वेगळ्या फिल्मवर उतरवायचं तिचं काम. "गो बाय," ती मला म्हणाली, "ती रोज तसाच करता. प्रार्थना ती. तू काय आता रोज तिका आंघोळ घालतलंस?"

मी कोण होते तेव्हा, ते सांगायला हवं. मी चोवीस वर्षांची होते, म्हणजे मला सगळं कळत होतं. हातात कलाशाळेची पदविका, खांद्यावर शबनम, कपाळावर रुपयाएवढी टिकली. साडीवर फुलं काढणं मला कमीपणाचं वाटायचं. आपण इथे तात्पुरत्या आहोत, असं मी भेटेल त्याला सांगत असे. अगदी चहावाल्यालाही सांगितलं होतं. शिवाय मी नास्तिक होते. म्हणजे घरात कोणी आजारी नसलं आणि मुलाखत वगैरे नसली की.

मार्थाताई माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. मूळची नगरची, राहायला मुलुंडला, एकटीच. उंच, सावळी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. भेटल्यावर आपण नमस्कार म्हणतो तसं ती 'सलाम' म्हणायची. फुलं अशी काढायची की कागदाला वास येतोय का बघावंसं वाटे. मी तिला सांगत नसे, हे वेगळं सांगायला नको. मी तिला देव कसा नसतो ते सांगत असे. ती पाकळी रंगवता रंगवता शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "असू दे. तो नसला तरी हा गुलाबी जरा गडद झालाय तुझा."

देवाशी तिचं बोलणं मात्र अगदी घरगुती. शेठ ओरडून गेले की ती म्हणे, "माणूस सहाव्या दिवशी केला ना देवाने. त्यातही शेठ म्हणजे अगदी संध्याकाळचा माल. थकला असेल बिचारा." माझं नाव शालू. माझ्या कामाबद्दल तिचं मत असं, की "शालूच्या फुलाला देठ नसतो, पण ताठा केवढा बघा!"

आमच्या धंद्यात सगळा जीव जोडात असतो. कागदावर काढलेला एक तुकडा कापडावर पुन्हा पुन्हा छापला जातो. तेव्हा त्याची उजवी कड डाव्या कडेला अशी भिडली पाहिजे की शिवण कुठे आहे ते देवालाही कळू नये. मार्थाताई प्रत्येक डिझाइन संपल्यावर कागदाची नळी करायची, दोन्ही कडा एकमेकींना टेकवायची आणि खिडकीपाशी नेऊन बघायची. मला ते कारकुनी वाटायचं. कलावंताच्या नजरेला नळ्या लागत नाहीत, असं माझं म्हणणं होतं.

आणि मार्थाताई रविवारी ब्रश धरत नसे. शनिवारी सहाला ब्रश धुतला की सोमवारपर्यंत तिच्या हाताला रंग लागायचा नाही. सकाळी चर्च, मग तिथेच मुलांची रविवारची शाळा, दुपारी मंडळीतल्या कोणा आजाऱ्याकडे. चर्चला ती मंडळी म्हणायची, म्हणजे त्यातली माणसं. शेठ दर सणाच्या आधी गळ घालत, "मार्थाबेन, तुमच्या भगवानला बोला ना, एक दिवस ॲडजस्ट कर."

"तोच मला सांगतो शेठ, सहा दिवस तुमच्याशी ॲडजस्ट कर म्हणून."

त्या वर्षी दिवाळीच्या आधी शेठनी जाहीर केलं की आता स्टुडिओला एक हेड आर्टिस्ट हवी. वेगळी केबिन, पगार वाढ, आणि डिझाइन कोणतं छापायचं ते तीच ठरवणार. अकरा वर्षं मार्थाताईच्या डिझाइनांवर स्टुडिओ चालला होता. जागा तिचीच, हे चहावाल्यालाही माहीत होतं. फक्त एक सुरतेचा व्यापारी सोमवारी सकाळी येणार होता, त्याला तिचं नवं डिझाइन दाखवायचं आणि मग नाव पक्कं करायचं, एवढंच बाकी.

शनिवारी सहा वाजले तेव्हा कागदाचा एक कोपरा राहिला होता. मार्थाताईने ब्रश धुतला.

"उद्या या," शेठ म्हणाले.

"सोमवारी लवकर येते. अर्ध्या तासाचं काम आहे."

"पार्टी साडेआठला येणार. अधुरा माल दाखवू? उद्या नाय आली तर केबिनचं मग मी काय बोलणार नाय हां."

"नका बोलू," ती म्हणाली आणि छत्री घेऊन निघून गेली.

ती जिना उतरली आणि माझ्यातली थोर मैत्रीण जागी झाली. मी कुंदाला म्हटलं, "उद्या आपण येऊ. कोपरा मी पुरा करते. तिला कळणारसुद्धा नाही." कुंदा म्हणाली, "तिका विचार तरी." मी म्हटलं, मैत्रीत विचारायचं नसतं. खरं सांगायचं तर, सोमवारी मार्थाताई माझे हात हातात घेऊन रडते आहे असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे पूर्ण रंगवून तयार होतं.

रविवारी बसले. कोपऱ्यात चार जाईच्या डहाळ्या काढायच्या होत्या, तिने पेन्सिलीने आखूनही ठेवल्या होत्या. अर्ध्या तासात झाल्या असत्या. पण त्यात मी कुठे दिसणार? म्हणून मी तिथे खंड्या काढला. निळा, झेपावणारा, लांब चोचीचा खंड्या. तो इतका छान जमला की मग कडेने आणखी चार काढले. कुंदा म्हणाली, "नळी करून बघ गो." मी म्हटलं, "मला दिसतंय."

सोमवारी मार्थाताई पावणेआठला आली, तेव्हा व्यापारी तिच्याही आधी येऊन बसला होता आणि कागद त्याच्या हातात होता. "ये चिडिया किसने बनायी? एकदम नया है!" तो म्हणाला.

मार्थाताईने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तिथे म्हणता आलं असतं की डिझाइन तिचं, पक्षी तेवढे माझे. एवढं लांब वाक्य मला सुचलं नाही. मी म्हटलं, "मी."

शेठनी तिथल्या तिथे मला हेड आर्टिस्ट करून टाकलं. रविवारी येणारी मुलगी, वर हातात पदविका! मार्थाताई पुढे आली, हात मिळवला, म्हणाली, "सलाम, शालू. जोड बघितलास ना गं?"

"बघितला की," मी म्हटलं.

कुंदाने त्या दिवशी डबा माझ्यासोबत खाल्ला नाही. पुढचे दहा दिवसही नाही. मी केबिनमध्ये एकटीच चपाती-भाजी खायची आणि मनाला सांगायची की मोठ्या माणसांना एकटेपण असायचंच.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, छापखान्यातून नमुन्याचं कापड आलं. शेठनी ते जमिनीवर पसरलं. हात-हात अंतरावर एकेक खंड्या झेप घेत होता, आणि कोणालाही डोकं नव्हतं. माझ्या पक्ष्यांच्या माना आणि चोची उजव्या कडेच्या रेघेबाहेर, न छापल्या जाणाऱ्या समासात गेल्या होत्या. त्या डावीकडून आत आणायच्या राहिल्या होत्या. पाच वार कापडावर नुसती शेपटीकडची बाजू उडत होती.

"ये काय चिडिया हाय की खाटीकखाना?" शेठ म्हणाले. "सोमवारी सकाळी नवा जोड पायजे. नाय तर तू केबिनमध्ये नाय आणि बाहेर पण नाय."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी सात कागद फाडले. एका चोचीला जागा करायला गेले की जाईची फांदी तुटायची, फांदी सांधली की शेजारचं फूल अर्धं व्हायचं. शनिवारी सहाला मार्थाताईने नेहमीप्रमाणे ब्रश धुतला. माझ्या केबिनच्या दारात क्षणभर थांबली आणि गेली. मी रडले. कलावंतासारखी वगैरे नाही, नाक गळेपर्यंत.

रविवारी मी एकटीच येऊन बसले होते. मग कुंदा आली. "तुझ्यासाठी नाय इलंय. माझी फिल्म रव्हलीहा," असं सांगून ती माझ्यासाठी चहा घेऊन आली. आणि एक वाजता जिन्यावर चपला वाजल्या. पांढरी साडी, हातात डबा. चर्चमधून थेट आलेली मार्थाताई.

मी उभीच राहिले. "मार्थाताई, आज रविवार आहे."

"बैल विहिरीत पडला तर रविवारीही काढतात," ती म्हणाली. "येशूनेच तेवढी परवानगी दिलीय. सरक."

तिने माझा कागद ओढून घेतला, ब्रश भिजवला आणि डोळे मिटले. या खेपेला मीही मिटले. नास्तिकपणाला त्या दिवशी रजा होती.

तीन तास ती काम करत होती. तिने पक्षी काढून टाकले नाहीत. पाचही खंड्यांना वळवलं, माना आतल्या बाजूला घेतल्या, चोची जाईच्या पानांत लपवल्या. मग नळी केली, खिडकीपाशी नेली आणि मला हाक मारली. "शोध शिवण." मला सापडली नाही.

कागदाच्या मागे डिझाइन करणाऱ्याचं नाव घालायची पद्धत होती. तिने पेन्सिल माझ्या हातात दिली. "तुझं घाल. मी रविवारी काम करत नाही, अख्ख्या घाटकोपरला माहीत आहे."

ती गेल्यावर कुंदा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "उद्या तोंड उघडलंस नाय, तर माज्याशी परत बोला नको."

त्या दिवशी मी घरी मोठं भाषण तयार केलं. त्यात त्याग होता, कला होती, मैत्री होती. सोमवारी शेठपुढे उभी राहिले तेव्हा त्यातलं एकही वाक्य आलं नाही. म्हटलं, "शेठ, जोड तिने काढलाय. डिझाइनही तिचंच होतं. मी फक्त त्याची वाट लावली."

शेठनी कागद बाजूला ठेवला. "मला काय आंधळा समजते? वीस वर्षं धंदा करतो. हात कोणाचा ते दिसते." मग त्यांनी मार्थाताईला बोलावलं, केबिनची किल्ली तिच्यापुढे ठेवली आणि लगेच धंद्यावर आले. "आता एकदा रविवारी आलीच हाय, तर मग..."

"शेठ, बैल रोज पडत नाही," मार्थाताई म्हणाली आणि किल्ली उचलली.

मी परत माझ्या टेबलावर आले. तात्पुरती म्हणून आलेली मी पुढे तिच्या हाताखाली चार वर्षं नळ्या करत राहिले, आणि त्या चार वर्षांत जे शिकले त्यावर पुढची तीस वर्षं भात खाल्ला.

त्या चौथ्या वर्षाच्या हिवाळ्यात तिला कावीळ झाली आणि ती पंधरा दिवसांत गेली. मुलुंडच्या त्यांच्या चर्चमध्ये मी आणि कुंदा मागच्या बाकावर बसलो. पाळक नवे होते, तिला फारसे ओळखत नव्हते. त्यांनी विचारपूस करून चार शब्द तयार केले होते. ते म्हणाले, "आपल्या या बहिणीने आयुष्यात एकदाही प्रभूचा दिवस मोडला नाही."

मला राहवलं नाही. मी उभी राहिले. "मोडला. एकदा. माझ्यासाठी." आणि भर चर्चमध्ये मी सगळं सांगून टाकलं: कोपरा, खंड्या, केबिन, माझं ते 'मी'. कुंदा पदर ओढत होती, तरी सांगितलं. सांगताना वाटत होतं, आज हिचं एक मोठं गुपित मी उघड करते आहे. केवढं हे माझं धैर्य! म्हणजे खोड गेली नव्हतीच.

मी थांबले. कोणी दचकलं नाही. पहिल्या बाकावरची एक म्हातारी वळली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "म्हणजे शालू ती तूच का गं?"

मी हो म्हटलं.

"आम्हाला ठाऊक आहे ते. त्याच रविवारी ती उभी राहिली होती इथे. म्हणाली, मी आज कामाला चालले आहे. चुकत असेन तर देव आणि मी बघून घेऊ. पण तिथे शालू म्हणून एक पोरगी आहे, तिला नवीन मोठी जागा मिळालीय, ती तिच्याकडेच राहावी म्हणून प्रार्थना करा. आम्ही महिनाभर करत होतो हो! मग? राहिली का तुझी जागा?"

"नाही," मी म्हटलं. "ती जागा मुळात मार्थाताईचीच होती. तिलाच मिळाली."

 म्हातारीने पुढच्या शवपेटीकडे पाहिलं आणि हळूच दटावल्यासारखं म्हणाली, "मार्थे, सांगायचंस तरी गं. महिनाभर आम्ही तुझ्याच विरुद्ध प्रार्थना करत होतो."