मीराबाईंनी सांगितलेलं यान सत्तावीस

गुरुवारी दुपारी अनुजाचा फोन आला तेव्हा मीराबाई भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या.

"काकी, सापडलं!"

"काय सापडलं गो?"

"यान सत्तावीस! पहिले चार भाग. कुणीतरी जुन्या कॅसेटवरनं काढून यूट्यूबवर टाकलेत. मी अजून बघितले नाहीत. म्हटलं, बघायचे तर काकींच्या शेजारी बसूनच. रविवारी येते. त्या मुलीचं ते वाक्य मला पुन्हा एकदा ऐकायचंय."

"ये की," मीराबाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि पुढचे चार-पाच वाल सोलून दाणे सालींत टाकले, सालं पातेल्यात. समोर बसलेल्या नातीने, मनवाने, ते पाहिलं.

"आजी, काय झालं?"

"काही नाही. जुनी ओळखीची बाई येतेय."

पण झालं होतं ते फार जुनं होतं. सदतीस वर्षांपूर्वीचं.

तेव्हा मीराबाई नायगावच्या बीडीडी चाळीत राहत. दुबईला असलेल्या दिराने एक टीव्ही आणून दिला होता, चौदा इंची, काळा-पांढरा. मजल्यावरचा तो पहिलाच. रविवारी सकाळी देवाची पूजा उरकली की मीराबाई टीव्हीवरचं भरतकामाचं कापड काढून घडी घालून ठेवत आणि दार सताड उघडत. पोरं जमिनीवर, बायका पोरांच्या मागे, आणि ज्यांना आत यायला संकोच वाटे त्या दाराच्या चौकटीत.

त्या वर्षी दूरदर्शनवर यान सत्तावीस नावाची मालिका लागली. चार मुलं एका अवकाशयानात बसून चुकून दुसऱ्या ग्रहावर जातात, तिथे पांढऱ्या दाढीचे एक आचार्य त्यांना भेटतात, अशी गोष्ट. भाषा हिंदी. आता बाजारातलं हिंदी चाळीत सगळ्यांना यायचं. कांदे कैसे दिये, इतना महंगा क्यूँ, एवढ्यावर कुणाचं अडत नसे. पण त्या मालिकेतलं हिंदी वेगळंच होतं, पोथीसारखं. पहिल्याच भागात शेजारणींनी मागे वळून विचारलं, "मीराबाई, काय म्हणतोय तो? तुमचं लहानपण जबलपूरला गेलं ना?"

गेलं होतं खरं. मीराबाईंचे वडील तिकडे लष्करात होते. पण मीराबाई चौथ्या वर्षी आईबरोबर मालवणजवळच्या गावी परत आल्या आणि मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या. जबलपूरचं त्यांना एक लिंबाचं झाड तेवढं आठवे. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दहा-बारा माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत, टीव्ही आपला, मान आपला. मीराबाई म्हणाल्या, "सांगते. जरा गप्प बसा."

आणि सांगू लागल्या.

गंमत अशी की त्या हिंदीतले निम्मे शब्द मराठीच वाटायचे. त्यामुळे मीराबाईंना कधी अडखळायला झालं नाही. आचार्य म्हणाले, "चेष्टा करो, बालको!" मीराबाईंनी सांगितलं, "म्हणतोय, करा माझी चेष्टा, मग दाखवतो." पोरं दबकली. कुणी म्हणालं, "यान खाली है," तर मीराबाई म्हणाल्या, यान खाली गेलंय, आता वर येईल. सगळे भाग संपेपर्यंत चाळ त्या यानाच्या वर येण्याची वाट बघत होती.

मग तिसरा भाग. आचार्य हात उंचावून म्हणाले, "आज से तुम्हारी शिक्षा आरंभ होती है." मीराबाईंनी छातीवर हात ठेवला. "अरे देवा. आजपासून शिक्षा सुरू."

पडद्यावर चौघांतली मुलगी रडत काहीतरी बोलली. पोरांनी विचारलं, काय म्हणाली, काय म्हणाली? मीराबाईंनी सांगितलं, "ती विचारतेय, शिक्षा देताय, तर आधी माझा गुन्हा काय ते सांगा."

दाराच्या चौकटीत त्या दिवशी अनुजा उभी होती. एकोणीस वर्षांची, शेजारच्या खोलीतली नवी सून. सावंतवाडीकडची, दहावी झालेली. चौकटीपर्यंत टीव्हीचा आवाज धड पोचत नसे, मीराबाईंचा तेवढा पोचायचा. लग्नाला चार महिने झाले होते आणि त्यातले तीन महिने सासू तिच्याशी बोलत नव्हती. भांडण नाही, मारझोड नाही, नुसता अबोला. ताट पुढ्यात सरकवायचं, काम बोटाने दाखवायचं. आई बोलत नाही म्हणून मुलगाही जेवढ्यास तेवढं. अनुजा घरात असून नसल्यासारखी.

पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी आली आणि मीराबाईंचे पाय धरले. "काकी, मी सासूबाईंना विचारलं. त्या मुलीने विचारलं तसंच. माझा गुन्हा काय ते सांगा."

"आणि मग?"

"त्या पिठाचा डबा हातात घेऊन उभ्या होत्या. बघतच राहिल्या. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, मला तरी कुठे कुणी सांगितला होता? आणि रडल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, भाकऱ्या तू कर, तुझ्या पातळ होतात."

अबोला सुटला. पुढे अनुजा परळच्या एका इस्पितळात नर्सिंगला गेली. सासूनेच आठ महिन्यांचं पोर सांभाळलं. गेली तीस-बत्तीस वर्षं ती नोकरीत होती, आता निवृत्तीला आली होती. नव्या मुलींना ती वॉर्डात सांगायची म्हणे, कुणी उगाच ओरडलं तर घाबरू नका, विचारा, माझा गुन्हा काय.

मालिका संपली त्याच वर्षी मीराबाईंचा मुलगा निलेश पाचवीत गेला आणि त्याला हिंदी लागलं. एका दुपारी तो मोठ्याने पाठ करत होता, "शिक्षा म्हणजे शिक्षण, दंड म्हणजे शिक्षा." मीराबाई स्टोव्हपाशी थबकल्या. त्याला पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं तरी तेच. म्हणजे तो म्हातारा पोरांना दंड करत नव्हताच. शिकवणार होता. आणि ती मुलगी जे काय म्हणाली असेल ते असेल, पण गुन्हा काय हे ती नक्कीच म्हणाली नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी देवासमोर दिवा लावला आणि गाऱ्हाणं घातलं. बा रवळनाथा महाराजा, माझ्या तोंडून खोटं गेलं, पदरात घे. देवाला सांगून झालं. माणसांना सांगायचं राहिलं. एकदा राहिलं ते राहूनच गेलं. अनुजा दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायची आणि म्हणायची, "काकी, तुम्ही आणि ती मुलगी नसतात तर..." मीराबाई म्हणायच्या, "चकल्या छान झाल्यात हो."

शुक्रवारी त्यांनी मनवाला विचारलं, "त्या यूट्यूबवरचं काही पुसून टाकता येतं का गो?"

"आपण टाकलेलं नसलं तर नाही. का?"

"सहज विचारलं."

शनिवारी गुडघा दुखतोय असं सांगून बघितलं. अनुजा म्हणाली, "मग तर येतेच. मालिश करून देते." नर्सला गुडघ्याची थाप कशी चालणार?

रविवारी अनुजा आली. चाळ रिकामी करून मीराबाईंचं बिऱ्हाड वर्षभरापूर्वी अँटॉप हिलला भाड्याच्या घरात आलं होतं. टीव्ही भिंतीएवढा. मनवाने मोबाइलवरून मालिका त्यावर लावली आणि पहिल्याच दृश्याला खुदकन हसली.

"आजी, हे यान आहे? हे तर इडलीपात्र आहे!"

"गप बस. त्या वेळी आमची छाती धडधडायची," अनुजा म्हणाली. पण तीही हसत होती. यानातली बटणं म्हणजे बाटल्यांची झाकणं, हे आता स्पष्ट दिसत होतं. ग्रहावरचे खडक थर्माकोलचे. वारा आला की हलत. आणि वेग तर असा की आचार्य गुहेतून बाहेर येईपर्यंत भाजी चिरून झाली असती. तरी तिघी बघत होत्या. जुन्या गाण्यात असते तशी त्या सुरुवातीच्या संगीतात काहीतरी ओढ होती. अनुजाने डोळे पुसले, का ते तिलाही कळलं नाही.

"काकी, हे रंगीत होतं की हो!" ती मध्येच म्हणाली. "आणि आचार्यांचा झगा जांभळा? तुम्ही तर भगवा सांगितला होतात."

"आपला टीव्ही काळा-पांढरा होता ना," मीराबाई म्हणाल्या. कानाच्या पाळ्या तापल्या.

दुसऱ्या भागात "चेष्टा करो, बालको" आलं. अनुजाने भुवया उंचावल्या. इतकी वर्षं इस्पितळात काढल्यावर तिला हिंदी पाण्यासारखं येत होतं, चेष्टा म्हणजे तिकडे प्रयत्न हेही ठाऊक होतं. तिने मीराबाईंकडे वळून बघितलं. तिसरा भाग सुरू झाला. आचार्य गुहेतून बाहेर आले. हात उंचावायला लागले.

"मनवा, थांबव ते," मीराबाई म्हणाल्या.

आचार्यांचा हात वरच अडकला.

"अनुजा, ऐक. मला हिंदी येत नव्हतं. जबलपूरला मी चार वर्षांची होते. शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला निलेशच्या पुस्तकातून कळलं, नंतर. ती मुलगी गुन्ह्याचं काही बोलत नाही. ते मी घातलं तिच्या तोंडात. तुला सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

मनवा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. अनुजाने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"लाव," ती मनवाला म्हणाली.

आचार्यांनी शिक्षेचा आरंभ केला. मुलगी रडली. "मुझे घर जाना है," ती म्हणाली. बस. पुढचं दृश्य सुरू झालं. अनुजाने मागे घ्यायला लावलं, पुन्हा ऐकलं. मुझे घर जाना है.

"घरी जायचं म्हणत होती," अनुजा हळूच म्हणाली. "काकी, एक विचारू? भिंत एकच होती आपली. आमच्या घरातला अबोला तुम्हाला कळत होता. मग ते माझ्यासाठी बोललात का? मी दारात उभी आहे हे बघून?"

मीराबाईंना वाटलं, हो म्हणावं. एका शब्दात सगळं सावरलं जाईल. खोटं न राहता ती माया होईल. अनुजाच्या चेहऱ्यावर तसं दिसतही होतं, की तिला तेच ऐकायचंय. आतल्या खोलीत देवापुढची समई सकाळपासून जळत होती. मीराबाईंनी पदर सारखा केला.

"नाही गो. तू दारात होतीस हे मला नंतर कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पोरं विचारत होती काय म्हणाली. शिक्षा सांगून बसले होते. मग म्हटलं, शिक्षा आहे तर गुन्हा विचारेल. एवढंच. मी काही शूर-बिर नव्हते. माझ्या सासूला मी जन्मात कधी काही विचारलं नाही."

अनुजा हसली नाही, रागावलीही नाही. टीव्हीवरच्या त्या मुलीकडे बघत राहिली. दोन वेण्या, हातात थर्माकोलचा दगड, अजून नाक ओढत होती.

"इतकी वर्षं मला वाटायचं, हिने धीर केला म्हणून मी केला," ती म्हणाली. "आणि ही बिचारी तर घरी जायचं म्हणून रडत होती. तुम्ही शब्द अडला म्हणून बोललात. म्हणजे खरं विचारणारी आधी कुणीच नव्हती. मीच पहिली."

"तूच," मीराबाई म्हणाल्या.

"पिठाचा डबा हातात घेतलेल्या बाईला. एकोणीस वर्षांची मी." अनुजाने मान हलवली. ती पाठ टेकून बसली, पाय वर घेतले, पेला उचलला आणि या वेळी सगळं पाणी प्यायली.

"आणि हे तुम्ही सदतीस वर्षं माझ्यापासून लपवलंत. चकल्या छान झाल्यात म्हणे!"

"छानच असायच्या," मीराबाई म्हणाल्या.

"मनवा, चौथा भाग लाव. बघू तरी, तो म्हातारा शिकवतो काय ते."

मनवाने चौथा भाग लावला. आचार्य फळ्यासमोर उभे राहून पाण्याचे गुणधर्म सांगू लागले.

"काय म्हणतोय गो?" थोड्या वेळाने मीराबाईंनी विचारलं.

"सांगते," अनुजा म्हणाली. "जरा गप्प बसा."