खिडकीखाली ऐकणारा शिंपी
परवा नातीची बाजाची पेटी उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं आमचं बायकांचं भजनी मंडळ आठवलं. पासष्ट-सहासष्ट साल असेल. दर गुरुवारी दुपारी तालीम चाले आणि शिरूरहून नवा आलेला एक म्हातारा शिंपी खिडकीखाली येऊन उभा राही. हा आमच्या जुन्या चाली चोरून दुसऱ्या मंडळाला शिकवणार, अशी आमची खात्रीच झाली होती. तो दिसला की आम्ही मुद्दाम आवाज बारीक करायचो. एकदा मी तणतणत बाहेर गेले. "मामा, तुमचं दर गुरुवारी इथं काय काम असतं?" तो ओशाळला. "ताई, दुसऱ्या ओळीला तुम्ही चुकताय. ऐकवत न्हाई. ही चाल माझ्या अब्बांनी बसवली हाय, शिरूरला." माझा विश्वास बसेना. "मग म्हणून दाखवा." भिंतीला टेकून, डोळे मिटून त्यानं ती ओळ म्हटली. आम्हाला कायम अडणारी जागा त्याच्या गळ्यातून अलगद उतरली. आतली पेटी थांबली. पेटीवाल्या बाई दारात येऊन "आत या," म्हणाल्या. "आता न्हाई," एवढंच बोलून तो निघून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. ती ओळ आम्ही पुढं त्याच्यासारखीच म्हणू लागलो. आज कुणी विचारतं, ही चाल कुणाची? त्या दिवशी मी त्या शिंप्याला नावसुद्धा विचारलं नव्हतं.